शेवटच्या खाचरातला नेम

आमच्या सासूबाईंइतकी खोडकर बाई भोर तालुक्यात जन्माला आली आणि वेल्हे तालुक्यात नांदायला गेली; त्यामुळे एका तालुक्याचं भलं झालं, आणि दुसऱ्याचं काय झालं ते मी सांगणार आहे. माहेर भाटघरचं, सासर विंझरच्या पुढच्या एका वाडीतलं. लग्न होऊन आल्या त्याच दिवशी, माप ओलांडायच्याही आधी, त्यांनी म्हणे ओवाळायला उभ्या असलेल्या नणंदेच्या कानात काहीतरी सांगितलं आणि ती ताटासकट हसत खाली बसली. काय सांगितलं ते दोघींनीही शेवटपर्यंत कुणाला कळू दिलं नाही. "ते सांगितलं तर म्हाताऱ्या मान्सांची झोप उडंल," एवढंच सासूबाई म्हणायच्या, आणि म्हणताना आमच्या सासऱ्यांकडे बघायच्या. सासरे लगेच उठून गोठ्याकडे जायचे. नव्या सुनेनं वर्षभर तरी मान खाली घालून राहायचं असतं हे त्यांना कुणी सांगितलंच नसावं, किंवा सांगणारी बाई सांगता सांगता स्वतःच हसू लागली असावी.

गंभीर माणूस दिसला की त्यांचे हात शिवशिवत. लग्नघरात आपल्या मानपानाचं काय झालं याची चौकशी करत बसलेला एखादा पाव्हणा त्या बरोबर हेरायच्या. मग साखरेऐवजी मीठ घातलेला चहा स्वतःच्या हातानं, डोईवरचा पदर सावरत, अदबीनं त्याच्यापुढे नेऊन ठेवायच्या. पाव्हणा पहिल्या घोटाला तोंड वाकडं करी, मान वर करी, आणि समोर इतकी साधी, मायाळू बाई उभी पाहून बिचारा उरलेला कप मुकाट्यानं रिकामा करी. वर "आजून वाईच देऊ का?" हे आलंच. असल्या एका पाव्हण्यानं एकदा खरंच दुसरा कप मागून घेतला. त्या दिवशी मात्र सासूबाईंनी त्याला मनापासून हात जोडले, आणि पुढं त्याच्याच घरात सोयरीक जमवली. माझ्या मेहुण्याची बायको ही त्या मीठ पिणाऱ्याची मुलगी. ती स्वभावानं अतिशय सोशिक आहे.

वेल्ह्याच्या एसटीत त्या चढल्या की गाडीचा रंगच पालटायचा. पुढच्या बाकावरून मागच्या बाकावर गोष्ट सांगायची, मधल्या लोकांनी ती ऐकायची, आणि कंडक्टरनं तिकिटं फाडायची सोडून 'मग काय झालं' म्हणून विचारायचं अशी रीत होती. एकदा मार्गासनीला उतरणारी काही माणसं गोष्ट अर्धी राहिली म्हणून थेट विंझरपर्यंत आली आणि मग हसत हसत पायी मागं गेली. मोबाईल हाती आल्यावर तर त्यांना आभाळ ठेंगणं झालं. त्या व्हिडिओ कॉल करायच्या आणि कॅमेरा म्हशीकडे फिरवून ठेवायच्या. मी इकडे पुण्यात, ऑफिसात, साहेबांच्या समोर फोन उचलायचो, तर पडद्यावर म्हशीचं भलंमोठं तोंड आणि मागून आवाज, "जावईबापू, हिला तुमची लई आठवण येतीया, बोला चार शब्द." मी हळूच काहीतरी बोलायचो. न बोलावं तर पुन्हा फोन यायचा.

नातवंडांशी पत्ते खेळताना त्या उघड उघड लबाडी करायच्या. एक्का पदराखाली, गुलाम मांडीखाली, आणि पकडल्या गेल्या की वर तोंड करून, "तुमचं डोळं चांगलं हायत का ते बगत हुते." पोरांनी कितीही हुशारी केली तरी डाव आजीचाच. पोरं रडकुंडीला आली म्हणून जिंकू द्यायचं, असली दया त्यांनी कधी केली नाही. माझी मुलगी सई सहा-सात वर्षांची असताना एकदा हरून रुसली, जेवेना. मी म्हटलं, एक डाव सोडा ना तिच्यासाठी. तर मला म्हणाल्या, "सोडलेला डाव पोरीला लगीच कळतोय. मंग ती जल्मभर म्हनंल, आजीनं मला लहान धरलं." ते ऐकून सई डोळे पुसून पुन्हा पत्ते पिसायला बसली आणि पुन्हा हरली. यात्रेतल्या उंच पाळण्यात बसायचं त्यांना भारी वेड. त्या वरून हाका मारायच्या, आणि खाली त्यांच्या चपला आणि पिशवी हातात धरून, कुणी ओळखीचं बघत नाही ना याचा अंदाज घेत, सासरे उभे असायचे.

पण हे सगळं किरकोळ. सासूबाईंच्या आयुष्याचं खरं ध्येय एकच होतं, आणि ते साऱ्या वाडीला ठाऊक होतं: एकदा तरी नवऱ्याला चिखल लावायचा.

हे जरा उलगडून सांगायला हवं. आमच्या सासुरवाडीला भाताची लावणी उरकते त्या दिवशी एक खेळ असतो. शेवटच्या खाचरात रोपं लावून होत आली की लावणीच्या बाया मालकाला धरतात आणि चिखलानं माखून काढतात. मालक माखला की पीक चांगलं येतं असं म्हणायचं. खरी गोष्ट अशी की पावसात दिवसेंदिवस वाकून बायांच्या कंबरेचे काटे ढिले झालेले असतात, आणि ज्याच्या रानापायी ते झाले त्याला सोडायचं कसं, हा प्रश्न असतो. घरात नवा जावई असला तर तोही तावडीत येतो. नियम दोनच. रोपांची शेवटची जुडी मालकाच्याच हातानं लागायची, म्हणून त्याला बांधावर हजर राहावंच लागतं. आणि ती जुडी लागली की खेळ संपला, मग कुणी कुणाला हात लावायचा नाही.

मला यातलं काहीच माहीत नव्हतं. लग्नानंतरच्या पहिल्या आखाडात सासुरवाडीचं जेवणाचं बोलावणं आलं तेव्हा मी लग्नातला पांढरा शर्ट आणि नवी पँट घालून गेलो. कोंबडं शिजत होतं, वास सुटला होता. सासूबाई म्हणाल्या, "जावईबापू, जेवण हुईस्तवर आपलं रान तरी बगून या." मला वाटलं, जावयाचा मान म्हणून शेत दाखवतायत. मी ऐटीत बांधावरून निघालो. पुढचं मला नीट आठवत नाही, कारण डोळ्यांत चिखल होता. कानातला तर पुण्याला परत आल्यावर निघाला. सासूबाई काठावर उभ्या राहून बायांना सांगत होत्या, "मानेखाली राहिलाय बगा थोडा, पाव्हन्याला काय कमी पडू देऊ नगा." माझी बायको त्या बायांमध्ये सर्वांत पुढे होती, हे मी आजवर विसरलेलो नाही.

मी असा पहिल्याच फेरीत बाद झालो, पण सासरे कधी सापडलेच नव्हते. ते गावचे पोलीसपाटील. लावणीचे सगळे दिवस तेच गृहस्थ गुडघाभर चिखलात औतामागं चालायचे, रोपं वाहायचे, केसांपर्यंत माखायचे, त्याला त्यांची ना नव्हती. पण शेवटच्या दिवशी ते पांढराशुभ्र सदरा, पांढरा लेंगा आणि कडक टोपी घालून, हातात छत्री घेऊन बांधावर येत. स्वतः चिखलात उतरणं वेगळं आणि चारचौघांत बायकोच्या हातानं चिखल लागणं वेगळं, असं त्यांचं म्हणणं. "माझं गावात काय वजन ऱ्हाईल?" ते विचारायचे. सासूबाई म्हणायच्या, "चिखल लागला तर वजन वाढंल की वो, पाटील. चांगलं शेरभर वाढंल."

ही लढाई चाळीस वर्षं चालली. एका साली सासऱ्यांनी मुद्दाम व्याह्यांना बोलावून आपल्या दोन्ही बाजूंना उभं केलं. एका साली त्यांनी तान्ह्या सईला कडेवर घेतलं, आणि सासूबाई "पोरगी खाली ठिवा" म्हणत असताना ते तिला सोडीनात. पोरीनं शेवटी करायचं ते केलंच. सासरे सदऱ्यापासून लेंग्यापर्यंत ओले झाले, पण चिखल नाही लागला, आणि त्यांनी तो आपला विजयच मानला. मग एका साली सासूबाईंनी गड्याचं सोंग घेतलं. डोक्यावरून घोंगडं ओढून, कंबरेत वाकून त्या बांधाबांधानं त्यांच्यापर्यंत पोचल्या आणि घोगऱ्या आवाजात म्हणाल्या, "पाटील, वाईच तंबाखू हाय का?" सासऱ्यांनी खिशात हातही घातला होता. तेवढ्यात त्यांची नजर खाली गेली आणि घोंगड्याखाली जोडवी दिसली. "तंबाखू हाय," ते मागं सरत म्हणाले, "पन जोडवी घालनाऱ्या गड्याला आमी देत न्हाई." दर साली शेवटी ते बांधावर उकिडवे बसत, एक हात लांब करून कोपऱ्यात शेवटची जुडी लावत, उभे राहत, टोपी सारखी करत, आणि काही न बोलता घरची वाट धरत. त्या न बोलण्याचा सासूबाईंना फार राग यायचा. "बोलून तरी दावा की जितलो म्हनून," त्या मागून ओरडायच्या.

आणि मग एका हिवाळ्यात सासूबाईंना पक्षाघात झाला. उजवा हात आणि उजवा पाय गेला, जीभ जड झाली. आम्ही पुण्याहून भोरच्या दवाखान्यात पोचलो तेव्हा त्या खाटेवर पडून छताकडे बघत होत्या, आणि सासरे शेजारी स्टुलावर, हातात त्यांच्या चपला घेऊन बसले होते. चपला कशाला धरल्यात असं विचारायचं धाडस कुणाला झालं नाही. आमच्या घरात तोवर कधी शांतता अशी नव्हतीच. ती कशी असते ते त्या आठवड्यात कळलं. मला तर खरंच वाटलं, हे घर आता संपलं. डॉक्टरांनी सांगितलं की हा हात आता फारसा परतायचा नाही, डाव्याची सवय करा. हे ऐकून सासूबाईंनी मान वळवली, सासऱ्यांकडे बराच वेळ पाहिलं, आणि आजारपणानंतरचं पहिलं वाक्य अडखळत बोलल्या, "आखाड... कवा हाय?"

घरी आल्यावर डाव्या हाताच्या व्यायामाला सुरुवात झाली. दवाखान्यातून दाबायला रबरी चेंडू दिला होता, तो त्यांनी कुत्र्याला देऊन टाकला आणि चिखलाचे गोळे मागितले. रोज सकाळी सासरे माती भिजवायचे, मळायचे, लाडवांसारखे गोळे वळून ताटात मांडायचे आणि ते ताट त्यांच्या डाव्या हाताशी ठेवायचे. समोर गोठ्याच्या कुडाला एक फुटकी पाटी टांगली होती. सासूबाई फेकायच्या, सासरे गोळे वेचून आणायचे, पुन्हा वळायचे. सुरुवातीला गोळा त्यांच्याच पायाशी पडायचा. मग अंगणात पडू लागला. मग म्हशीला लागू लागला. उन्हाळ्यात मी गेलो तेव्हा दहातले बरेचसे पाटीवर बसत होते आणि सोशिक सून कूड सारवून सारवून थकली होती. हा व्यायाम कशासाठी चाललाय हे आम्हा सगळ्यांना कळलं होतं. दारूगोळा पुरवणाऱ्या सासऱ्यांना कळलं होतं की नाही, हे मी त्यांना कधी विचारलं नाही. त्यांनीही कधी सांगितलं नाही.

लावणीचा शेवटचा दिवस आला. मेहुण्यानं आणि मी सासूबाईंना खुर्चीसकट उचलून बांधावर नेलं, मागून सई गोळ्यांचं ताट घेऊन आली. प्लास्टिकची खुर्ची मऊ बांधात रुतली, त्या एका अंगाला कलल्या, तर म्हणाल्या, "ऱ्हाऊ द्या. नेम असाच बरा बसतोय." खाचरातल्या साऱ्या बाया काम थांबवून बघत होत्या. सासरे पांढऱ्या कपड्यांत आले. पण त्यांनी छत्री उघडली नाही. ते सरळ सासूबाईंच्या खुर्चीपुढे गेले, टोपी काढली, आणि मान खाली घालून उभे राहिले. "लाव," ते म्हणाले.

माझ्या बायकोनं पदर तोंडाला लावला. आम्हाला सगळ्यांनाच भरून आलं होतं. फक्त सासूबाईंच्या कपाळाला आठ्या पडल्या होत्या. चाळीस वर्षं ज्याच्या मागं आपण लागलो ते असं हातावर ठेवल्यासारखं मिळालं तर ते मिळालं म्हणायचं का, हा त्यांच्यापुढचा प्रश्न होता, आणि त्यांचं उत्तर ठरलेलं होतं.

"आसं नगं," त्या म्हणाल्या. जीभ जड होती, पण शब्द सगळ्यांना ऐकू गेले. "म्या काय आंगारा लावाया बसलीया व्हय? टोपी घाला. पळा."

"आगं, आता ह्या वयात..."

"पळा म्हनते ना."

सासऱ्यांनी टोपी घातली आणि ते बांधावरून चालू लागले. "हे पळनं हाय का?" मागून आवाज. "वरातीत निगालाय व्हय?" सासरे जरा भरभर चालले. आणि मग मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं, त्यांच्यातला चाळीस वर्षं न हरलेला गडी जागा झाला. त्यांनी फटकन छत्री उघडली, पाठीवर धरली आणि खरंच पळायला सुरुवात केली. पहिला गोळा माझ्या कानाखाली बसला. सासूबाईंनी माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. दुसरा छत्रीवर फुटला. तिसरा, चौथा खाचरात गेले. सई आजीच्या हातात गोळे देत होती, बाया ओरडत होत्या, सासरे डावीकडे उजवीकडे हुलकावण्या देत होते. ताट रिकामं होत आलं. सासरे कोपऱ्यात पोचले, मागं वळून पाहिलं, आता अंतर बरंच आहे अशी खात्री केली, छत्री मिटली आणि शेवटची जुडी लावायला उकिडवे बसले.

सासूबाईंनी ताटातला शेवटचा गोळा उचलला. डावा खांदा मागं नेला. मला अजून तो हात डोळ्यांपुढे दिसतो. गोळा गेला तो थेट पांढऱ्या सदऱ्याच्या मधोमध, दोन्ही खांद्यांच्या बरोबर मध्ये, आणि असा बसला की सासरे जुडीसकट पुढे खाचरात पडले.

जी आरोळी उठली ती मार्गासनीपर्यंत गेली असेल. बाया एकमेकींच्या गळ्यात पडल्या, सून हसत हसत चिखलात बसली, मेहुणा नाचायला लागला. सासरे उठले. टोपी तरंगत होती, मिशांमधून चिखल गळत होता. ते तसेच चालत खुर्चीपाशी आले, दोन्ही हात कंबरेवर ठेवले आणि म्हणाले, "डावा हात लई तिखट निगाला की गं." सासूबाईंनी पदराला हात पुसला. सगळ्यांना वाटलं, आता काहीतरी खवचट बोलणार. त्या एवढंच म्हणाल्या, "जुडी ऱ्हायलीया. लावा." आणि मग त्यांचे डोळे वाहू लागले, ते बराच वेळ थांबले नाहीत, आणि त्यांनी ते पुसलेही नाहीत.

त्यानंतरचे सहा-सात महिने त्यांनी राणीसारखे काढले. औषध आणायला भोरला नेलं की बाजारात भेटेल त्याला गोष्ट. फोनवर गोष्ट. व्हिडिओ कॉलवर आता म्हशीऐवजी सासरे दिसायचे, "हितं बगा, ह्यास्नी पाडलं म्या," आणि सासरे म्हशीइतक्याच शांतपणे कॅमेऱ्याकडे बघायचे. दर वेळी अंतर वाढत गेलं. शेवटी शेवटी त्यांनी तो गोळा एका बांधावरून दुसऱ्याच्या शेताच्या बांधावर मारला होता. सासऱ्यांनी कधी दुरुस्ती केली नाही. उलट कुणी शंका काढली तर, "व्हय, लई लांबनं मारला," असं स्वतःच सांगायचे. शिमग्याच्या आधी एका दुपारी, जेवून आडव्या झाल्या असताना, सासूबाई गेल्या. दहाव्याला जमलेले लोक त्यांच्या गोष्टी सांगता सांगता हसायला लागले, आणि हसता हसता डोळे पुसू लागले.

यंदाची लावणी झाली ती त्यांच्याशिवायची पहिली. शेवटच्या दिवशी आम्ही सगळे गेलो होतो. सासरे आले, पांढरा सदरा, पांढरा लेंगा, टोपी, छत्री. सुनेनं पुढं होऊन शेवटची जुडी त्यांच्या हातात दिली आणि हळू आवाजात म्हणाली, "मामा, यंदा दुखवट्याचं साल हाय. खेळ नगं, आसं बायांनी ठरिवलंय."

"मालकाला इचारलं का?" सासरे म्हणाले. जुडी त्यांनी बांधावर ठेवून दिली. मग सईकडे वळले. "तुज्या आजीनं तुला नुसतं पत्तंच शिकिवलं का?" आणि उत्तराची वाट न बघता छत्री उघडून ते बांधावरून पळू लागले.

आम्ही त्यांना सोडलं असं कुणी समजू नये. सई पळाली, माझी बायको रडत रडत गोळे वळत पळाली, बाया दोन्ही अंगांनी आल्या, मी तर दोनदा आडवा पडलो. आम्ही अगदी मनापासून धरायला बघितलं. पण सत्तरी ओलांडलेल्या त्या माणसानं अशा काही हुलकावण्या दिल्या की आमचे गोळे आमच्यातच फुटत राहिले. शेवटी ते कोपऱ्यात पोचले, उकिडवे बसले, सावकाश एकेक रोप करून जुडी लावली आणि तिथंच बांधावर टेकले. धाप लागली होती. अंगावरचे कपडे पांढरे ते पांढरेच होते. आम्ही सगळे चिखलानं माखून त्यांच्याभोवती उभे होतो. त्यांनी आपल्या स्वच्छ सदऱ्याकडे एकदा बघितलं, बाहीवरून हात फिरवला, आणि म्हणाले,

"ती आसती तर सापडलो आसतो."